घट्ट चॉकलेटचा उपास

सान्तियागो, ११ नोव्हेंबर

प्रिय पेरेग्रिना हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. ते तुला नको असतील, पण आता पाकिटात घातले आहेत, परत काढता येत नाहीत.

तुझा गुडघा कसा आहे? रामीरोचा खोकला? थंडी वाढायच्या आत त्याला डॉक्टरकडे ने. सिगारेट सोडली असं तो सांगतो, त्यावर विश्वास ठेवू नकोस, फोनवर मला लायटरचा आवाज स्पष्ट येतो. (तेवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसले आहे मी. माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास कसा घेतो, तेसुद्धा मला कळतं.) डुक्कर कसं आहे? आज सेंट मार्टिनचा, डुकरं कापायचा दिवस, म्हणजे त्या बिचाऱ्याचे दिवस भरले. यंदा मीठ लावायला कोण येणार आहे? मागच्या वर्षी तुझ्या जावयाने लावलं आणि मार्चपर्यंत आम्ही सगळे पाणी पीत होतो. मी स्वतः ठीक आहे, म्हणजे गेले दोन महिने मी विज्ञानाच्या तावडीत होते ते सोडलं तर ठीक आहे. तेच सांगायला हे पत्र.

पत्रच का, हे तुला माहीत आहे. ऑगस्टपासून मी तुला अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा रामीरोने उचलला आणि अकराही वेळा तू कोंबड्यांपाशी गेली होतीस. सकाळी आठला कोंबड्यांपाशी, दुपारी दोनला कोंबड्यांपाशी, रविवारी चर्चच्या वेळेला कोंबड्यांपाशी. इतका वेळ तिथे बसणारी बाई एव्हाना स्वतः अंडी घालायला लागली असती. नवव्या वेळी तर मागून तुझाच आवाज आला, "सांग तिला, नाहीये म्हणून." रामीरो बिचारा म्हणाला, "ओब्दुलिया, ती म्हणतेय की ती नाहीये." त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर तू त्याच्याशी लग्न केलंस.

तर ऑगस्टातल्या सेंट रोकेच्या जत्रेचं ते जेवण. बावीस माणसं, तुझ्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली, पाद्रीबाबा आणि तुझी विहीणसुद्धा. तू ताट तिसऱ्यांदा पुढे केलंस आणि मी म्हणाले, "पेरेग्रिना, पुरे आता, त्या ताटाला तरी लाज वाटू दे." लोक हसले. तूही हसलीस. काटा खाली ठेवलास आणि कॉफी बघते म्हणून आत गेलीस ती परत आलीच नाहीस. मला त्या वेळी वाटलं, बरं झालं, चार लोकांत बोललं की माणूस लक्षात ठेवतो. संध्याकाळी बसवर सोडायला रामीरो एकटाच आला आणि त्याने माझी पिशवी हातात दिली. पिशवी हलकी होती. गेली तीस वर्षं मी तुझ्याकडून निघाले की पिशवीत चीज असतं. लुगो येईपर्यंत ती हलकी पिशवी मी मांडीवर घेऊन बसले आणि तुझ्यावर चिडले.

पण हे पत्र मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. तक्रार करायला लिहीत आहे, आणि ती तुझ्याबद्दल नाही, डॉक्टरांबद्दल आहे.

सप्टेंबरात औषधांच्या दुकानात एक कागद चिकटवलेला दिसला. विद्यापीठाच्या कुठल्याशा संशोधन केंद्राला पासष्ट वर्षांवरच्या बहिणी हव्या होत्या, एक बारीक, एक जाड, एकाच घरात वाढलेल्या. माणसाचं वजन मेंदू कसं ठरवतो याचा म्हणे अभ्यास. मी तिथेच उभी राहून तो तीनदा वाचला. (दुकानदारीण म्हणाली, "ओब्दुलियाबाई, चष्मा देऊ का?" मी म्हणाले, "अक्षरं दिसतायत, अक्कल शोधतेय.") मेंदू वजन ठरवतो, हे मला नव्याने सांगायला विद्यापीठ कशाला हवं? शाळेत मदर एस्कोलास्तिका काय वेगळं सांगायच्या? मनावर ताबा असला की अंगावर ताबा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे लोक माझा मेंदू तपासतील, त्यात संयम सापडेल, तसा कागद देतील शिक्क्यासहित, आणि तो मी तुला रजिस्टर पोस्टाने पाठवीन. मी गेले ती ह्या एका कारणासाठी. तुला वाईट वाटेल म्हणून लपवत नाही, कारण पुढे जे झालं त्यात वाईट वाटून घ्यायची पाळी माझी आहे.

तिथली डॉक्टरीण म्हणजे उशिया कास्तिन्येइरा नावाची तिशीची मुलगी. गोल चेहरा, नखं कुरतडलेली, आणि स्वतः तुझ्या बाजूची, माझ्या नव्हे. (म्हणजे अंगाने. तिचा पांढरा कोट तिसऱ्या बटणापाशी नेहमी विचारात पडलेला असतो.) तिने मला बसवून सगळं समजावलं. मी म्हणाले, "पोरी, मी टेलिफोनवाली आहे, मला तारांच्या भाषेत सांग." तशी ती खूश झाली. तिचं म्हणणं असं की आपल्या अंगावरची चरबी ही नुसती पडून राहिलेली नसते, ती सारखी मेंदूला फोन करत असते. लेप्टिन नावाचा एक निरोप ती रक्तातून धाडते: माल भरलाय, आता पुरे. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक जागा आहे, तिथे हा फोन वाजतो. उचलला गेला की भूक थांबते. जठर रिकामं झालं की तेही आपला फोन लावतं, त्या निरोपाचं नाव घ्रेलिन, त्याचा मजकूर उलटा. आतडी वेगळी फोन करतात. सगळे एकदम बोलत असतात आणि त्या बदामाएवढ्या जागेत बसून कुणीतरी प्लग लावत, काढत असतं. मी म्हणाले, "म्हणजे नाताळच्या संध्याकाळचं आमचं एक्स्चेंज." ती म्हणाली, "अगदी तेच, फक्त रोजच." मुलगी मला आवडली. हे मी तिला सांगितलं नाही.

दोघी बहिणी लागतात, तर तुम्ही एकट्याच कशा, असं तिने विचारलं. मी म्हणाले, धाकटी कोंबड्यांपाशी आहे, मागाहून येईल. तिने तसं लिहून घेतलं.

तपासणीला उपाशीपोटी यायचं होतं. हातात कागद दिला: आदल्या संध्याकाळी आठनंतर काही खाऊ नये. आता उपासाचं मला कुणी शिकवायला नको. मी आठला जेवून तोंड पुसलं आणि जपमाळ घेऊन बसले. सकाळी साडेसहाला केंद्रासमोरच्या कॅफेत गेले, कारण बस लवकर पोचली आणि बाहेर पाऊस असा आडवा येत होता की कॉलरमधून आत शिरून बुटांतून बाहेर पडत होता. वेटरने विचारलं, "काय देऊ?" मी म्हणाले, "चॉकलेट." तो चॉकलेट आणि त्यात बुडवून खायचे चार तळलेले चुरो घेऊन आला. चुरो मी परत पाठवले. म्हणाले, "हे ने. माझा उपास आहे." तो माझ्याकडे बघत राहिला, मग कपाकडे, मग परत माझ्याकडे. मला वाटलं, मुलावर संस्कार नाहीत.

पेरेग्रिना, तू हसतेयस, मला माहीत आहे. पण तूच सांग. लेंटच्या चाळीस दिवसांत आपण काय करत होतो? पेय म्हणजे अन्न नव्हे, पेयाने उपास मोडत नाही, हे मदर एस्कोलास्तिकांनी आपल्याला जिन्याच्या पायरीवर उभं करून पाठ करून घेतलं होतं. शुक्रवारी सकाळी भांडंभर चॉकलेट कोण घोटायचं? त्या स्वतः. आणि पिताना काय म्हणायच्या? "चमचा घालू नका, चमचा घातला की ते खाणं होतं." मी त्या कॅफेत चमचा बशीत ठेवला आणि कप तोंडाला लावला. दोन कप प्यायले, कारण पाऊस होता. धर्माच्या बाजूने माझ्याकडून तिळाएवढी चूक झालेली नाही.

मग त्या यंत्रात मला आडवं केलं. पांढरी नळी, आतून असा ठोकाठोकीचा आवाज की रामीरो गोठ्याला पत्रा मारतोय. डोळ्यांसमोर चित्रं दाखवत होते: डुकराचा खारवलेला खांदा, ऑक्टोपस लाकडी ताटलीत तिखट आणि तेल टाकून, बदामाचा केक, तुझ्याकडची ती सॉसेज असतात तशी. मी शांत पडून होते. मनात म्हटलं, आणा, अजून आणा. मध्येच रक्त काढलं, ते गोठवून ठेवलं, कारण सगळ्यांचं एकदम तपासायचं असतं.

दुसऱ्या दिवशी उशियाचा फोन. "ओब्दुलियाबाई, तुम्ही परत येऊ शकाल का? सरांना तुम्हाला भेटायचंय." सर म्हणजे प्रोफेसर बाल्तार, बो-टाय लावणारा, उंच, वाकून बोलणारा. त्यांनी मला पडद्यावर माझाच मेंदू दाखवला. दहा तास उपाशी असलेल्या माणसापुढे खाणं ठेवलं की ती बदामाएवढी जागा आणि तिच्या आसपासचं सगळं पेटून उठतं, तसं सगळ्यांचं होतं. माझं काही नाही. अंधार. "पाहा," ते म्हणाले, "उपाशी असून मेंदू तृप्त आहे. असं आम्ही पाहिलेलं नाही." मी म्हणाले, "मी पाहिलंय, मी आयुष्यभर अशीच आहे." उशियाने माझा हात हातात घेतला. तिने मेंदूच्या आलेखासहित एक टिपण लिसबनच्या परिषदेला पाठवलं, त्यात माझं नाव नव्हतं, फक्त "सहभागी क्रमांक ०७". तीन आठवडे मी सहभागी क्रमांक सात होते. मंडईत मासेवालीला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. (खालच्या मजल्यावरचा म्हातारा म्हणाला, "मेंदूत काही दिसलं नाही, हे इतक्या आनंदाने सांगणारी तुम्ही पहिलीच." त्याच्याशी आता मी बोलत नाही.) सहाव्यांदा तुला फोन केला तो हेच सांगायला. तू कोंबड्यांपाशी होतीस.

मग गोठवलेलं रक्त तपासलं गेलं.

उशियाने तातडीने बोलावून घेतलं. मला खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि स्वतः टेबलावर अर्धी टेकून बसली. म्हणाली, "घाबरू नका, पण तुमची साखर आणि इन्शुलिन उपाशी माणसाची नाही. मधुमेह असू शकतो." मी घाबरले, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, "एकदा खात्री करते. त्या दिवशी सकाळी काही खाल्लं होतं?"

"काही नाही."

"बिस्किट, फळ, गोळी?"

"मुली, मी ननांच्या हाताखाली वाढले आहे. उपास म्हणजे उपास."

"बरं. पाण्याशिवाय काही प्यायलात?"

"चॉकलेट."

तिने पेन खाली ठेवलं. "चॉकलेट म्हणजे, चॉकलेटचं दूध? पातळ?"

"पातळ चॉकलेट माद्रिदमध्ये पितात."

"म्हणजे चमचा उभा राहतो तसलं."

"मी चमचा घातलाच नाही," मी म्हणाले. "चमचा घातला असता तर ते खाणं झालं असतं."

मग तिने कपाळ टेबलावर टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला कळेना, हसतेय की रडतेय, आणि मला वाटतं तिलाही कळत नव्हतं. "किती कप?" तिने टेबलाच्या लाकडात तोंड घालूनच विचारलं. मी म्हणाले, "दोन. पाऊस होता."

आता इथे मला राग आला आणि तो बरोबरच होता. कागदावर काय लिहिलं होतं? खाऊ नये. पिऊ नये असं कुठे लिहिलं होतं? मी थेट प्रोफेसरांच्या खोलीत गेले. तिथे दोन परदेशी पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर सांगितलं की त्या मुलीची चूक नाही, माझीही नाही, चूक कागदाची आहे, आणि तिला ओरडायचं असेल तर आधी मला ओरडा, मी मदर एस्कोलास्तिकांचं ओरडणं ऐकलेलं आहे, तुमचं मला लागणार नाही. प्रोफेसरांनी बो-टाय नीट केला आणि विचारलं, "घट्ट होतं का?" मी म्हणाले, "बऱ्यापैकी." ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ते टिपण लिसबनहून परत मागवावं लागलं. मुलीला ओरडले नाहीत. आता त्यांच्या कागदावर नवी ओळ आहे: पाण्याखेरीज काहीही, चॉकलेटसुद्धा, पिऊ नये. शास्त्राला माझी एवढी देणगी. बाकी काही नाही.

मधुमेह नव्हता. तपासणी पुन्हा झाली. शहात्तराव्या वर्षी मी आयुष्यातला पहिला खरा उपास केला, नुसतं पाणी पिऊन. पहाटे पाचला उठून बसले होते. त्या नळीत पडले आणि पहिलंच चित्र आलं, एका वाडग्यात साधं बटाट्या-पानकोबीचं सूप, आणि पेरेग्रिना, मला त्या वाडग्यात उडी मारावीशी वाटली. पडद्यावर नंतर दाखवलं. सगळं पेटलेलं, जत्रेच्या रस्त्यासारखं. संयम कुठे दिसला नाही. मी उशियाला विचारलंसुद्धा, "नीट बघ, कोपऱ्यात कुठेतरी असेल." ती म्हणाली, "हे सगळ्यांसारखंच आहे, बाई." मग त्यांनी मला एक गोड पेय दिलं आणि परत आत घातलं. चारच घोट. आणि सगळे दिवे पटापट विझले. उशिया म्हणाली, "तुमचं वेगळेपण हे आहे. 'पुरे' असा फोन आला की तुमच्याकडे पहिल्या घंटीला उचलतात." मी म्हणाले, "म्हणजे मनावर ताबा." ती म्हणाली, "नाही. म्हणजे ताबा लागतच नाही. तुम्ही काही नाकारत नाही. नाकारण्यासारखं उरतच नाही."

आता सांग, ही बोलायची पद्धत झाली? अकरा वर्षांची असताना मला शाळेत संयमाचं पदक मिळालं. अख्ख्या जेवणघरासमोर, बिशपच्या हातून. पासष्ट वर्षं मी त्या पदकाच्या आधारावर लोकांना बोलत आले आहे. आणि कुरतडलेल्या नखांची एक मुलगी मला सांगते की त्यात माझं काही नव्हतं, एखाद्याचे डोळे घारे असावेत तसं ते होतं. मी म्हणाले, "मग जाड माणसांचं काय? त्यांची चरबी फोन करत नाही?" ती म्हणाली, "करते की. तुमच्यापेक्षा जास्त करते, दिवसभर करते, ओरडून करते. पण बऱ्याच जणांच्या बाबतीत तिकडे कुणी उचलत नाही. मेंदूला वाटतं घरात दाणा नाही. अंगावर भरपूर असून तो माणूस उपाशीच असतो, खरोखर उपाशी, आत्ता तुम्ही त्या सुपाच्या चित्रापुढे होतात तसा." मी विचारलं, "किती वेळ?" ती म्हणाली, "किती वेळ म्हणजे?" मी म्हणाले, "मी पहाटे पाचपासून होते. ते किती वेळ असतात?"

ती म्हणाली, "ते तसेच असतात."

मी कोट घातला आणि घरी चालत आले. बस सोडली. पाठीवर पिशव्या लावलेले ते यात्रेकरू रस्ताभर आडवे येत होते, त्या दिवशी मी एकालाही बाजूला हो म्हटलं नाही. मला शाळेतली चॅपेलची रांग आठवत होती. तू सात-आठ वर्षांची, तुझ्या ताटातला पाव मदर एस्कोलास्तिकांनी उचलून घेतलेला, सगळ्यांदेखत, आणि तू रांगेत मागून माझा झगा ओढून विचारायचीस, "ओबे, तुला भूक नाही लागत?" आणि मी मान न वळवता म्हणायचे, "प्रार्थना कर." मला खरंच लागत नव्हती. मला वाटायचं तुझीही तेवढीच असेल आणि तू उगीच तिचं भांडवल करतेस. तू प्रार्थना करायचीस, मी ऐकायचे. तुझी प्रार्थना माझ्यापेक्षा नेहमी लांब असायची. ती लांब का होती, हे कळायला मला एमआरआय लागला.

आणि मग मी हिशेब केला, मला तो करायचा नव्हता. सेंट रोकेच्या दिवशी तू तिसरं ताट पुढे केलंस. पण त्याच्या आधी काय? बावीस माणसांचा स्वयंपाक तू दोन दिवस एकटीने केलास. रटरटणाऱ्या मांसाच्या वासात, भाजणाऱ्या पावाच्या वासात. मी आले तेव्हा पाहिलं, तू काही तोंडात टाकत नव्हतीस, चवसुद्धा रामीरोला बघायला लावत होतीस. मला वाटलं, नाटक. दर जेवणातून तू भुकेलीच उठत आलीस आणि तरी उठत आलीस, सत्तर वर्षं, रोज दोनदा. मला एका सकाळी पाच तास झेपलं नाही. त्या पदकावर आपलं आडनाव कोरलेलं आहे, पहिलं नाव नाही. तेवढं एक बरं आहे.

उशिया म्हणते की एका माणसाबद्दल असं खात्रीने सांगता येत नाही, मेंदूत अजून पुष्कळ तारा आहेत, काहींचा पत्ताच लागलेला नाही, म्हणून तर दोघी बहिणी हव्यात. तेव्हा हे सगळं शास्त्रासाठी आहे असं समज. येत्या गुरुवारी इकडे ये. सकाळी तुला तपासतील, दुखत नाही, नुसता आवाज होतो. त्या मुलीच्या संशोधनाचं चॉकलेट मी केलंय, निदान दुसरी बहीण तरी तिला धडधाकट उपाशी मिळू दे. येशील अशी अपेक्षा. रामीरोला आणि कोंबड्यांना नमस्कार.

तुझी थोरली बहीण,
ओब्दुलिया

ता. क. लुगोहून साडेदहाची बस घे, पहाटेची नको, तिचा ड्रायव्हर गाणी लावतो. स्टँडवर मी उभी असेन. गुडघ्यासाठी मी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला विचारून त्याची खुर्ची मधल्या मजल्यावर ठेवली आहे. (हो, बोलले त्याच्याशी. तुझ्यासाठी.)

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितेय. साडेदहाची बस घेतलीस तर सकाळची तपासणी कशी होणार, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तपासणी नाहीये. आपली जागा त्यांनी दोन आठवड्यांपूर्वी लालीन गावच्या दोन बहिणींना दिली, एक काडी, एक पिंप, दोघी सारख्या खिदळतात, उशिया म्हणते यंत्रातसुद्धा. मी विचारलं, माझी धाकटी आली तर? ती म्हणाली, मग दोघी कॉफीला या. म्हणजे शास्त्राला तुझी गरज नाही. वर तपासणीबद्दल लिहिलं तेवढं खोटं आहे, बाकीचं पत्र खरं आहे.

ता. क. सेंट रोकेच्या जेवणात मी बोलले ते चुकीचं बोलले. बावीस माणसांसमोर बोलले, पण माझ्याकडे पत्रावर बावीस सह्या नाहीत, तेव्हा एका सहीवर चालवून घे. रामीरोला मोठ्याने वाचून दाखवायला सांग, पाद्रीबाबा आले असतील तर त्यांनाही ऐकू दे.

ता. क. हे शेवटचं. ऑगस्टपासून माझं चार किलो वजन उतरलं आहे. घाबरू नकोस, रोग नाही, सगळं तपासलंय. उशिया म्हणते, पहिल्या घंटीला फोन उचलणाऱ्या माणसाने एकट्याने जेवू नये, समोर कुणी जेवत असलं की मेंदू जरा वेळाने उचलतो. हे शास्त्रात सिद्ध झालंय का, असं विचारलं, तर म्हणाली, नाही, हे तिची आजी सांगते. तर गुरुवारी मी हरभऱ्याचा रस्सा करणार आहे. बुधवारी भिजत घालायचे हे मला माहीत आहे. पण मी चाळीस वर्षं एकटीपुरतेच घालत आले. दोघींना किती घालायचे, ते उलट टपाली कळव. पाहुणी म्हणून सांगशील तो आकडा नको, खरा सांग.